लेफ्ट आउटची रिकामी जागा

गोल झाला होता. त्याबद्दल मैदानावर कोणाचंच दुमत नव्हतं. चेंडू जाळीत होता. गोलकीपर भलत्याच बाजूला चिखलात पालथा पडला होता. आणि माझी शिटी वाजून माझा हात मधल्या वर्तुळाकडे गेला होता. रेफरीचा हात तिकडे गेला की गोल मान्य, एवढं फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही कळतं.

राजवाडा इलेव्हनचा कॅप्टन धापा टाकत माझ्यापाशी आला.

"साहेब, किक इनडायरेक्ट होती ना?"

"होती."

"तुम्हीच ओरडून सांगितलंत ना तसं?"

"सांगितलं."

"मग मधे लागला कोणाला?"

मी म्हणालो, "गोल दिलाय. चला, चेंडू सेंटरला ठेवा." रेफरीला मैदानावर असं म्हणता येतं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर मैदानाबाहेरही आला. पुढे त्याचं मी जे उत्तर दिलं, त्यासाठी हे लिहितो आहे.

आधी थोडं कामाबद्दल. पोटापाण्याला मी पी.डब्ल्यू.डी.त ड्राफ्ट्समन होतो, पण इंदूरात मला लोक ओळखायचे ते रेफरी म्हणून. मध्यप्रदेश नुकताच झाला होता. दफ्तरं एकेक करून भोपाळला चालली होती. आज याच्या टेबलाचा नंबर, उद्या त्याच्या. इंदूरचं मोठेपण गेलं म्हणून जुनी माणसं हळहळत होती. मैदानांवरची गर्दी मात्र तशीच होती, कारण मिल्स इथेच होत्या आणि आमचं फुटबॉल मिल्सच्या जोरावर चालायचं.

लीगच्या तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर ए डिव्हिजन. तिथे मिल्सच्या, पोलिसांच्या, रेल्वेच्या टीम. या खेळाडूंना आम्ही कागदोपत्री अमॅच्युअर म्हणायचो, म्हणजे हौशी. प्रत्यक्षात त्यांना नोकरी मिळायची ती खेळासाठीच. हजेरी लावायची, थोडं हलकं काम करायचं आणि दुपारी प्रॅक्टिसला सुटायचं. त्याखाली बी डिव्हिजन. तिथे मोहल्ल्यांचे क्लब. कारकून, विद्यार्थी, दुकानदारांची मुलं, मिलमधले कच्चे कामगार. आणि तळाला सी डिव्हिजन. ज्याच्याकडे एका रंगाचे बनियन आणि एक चेंडू, तो तिथे. दर सीझनला बी मधला पहिला क्लब ए मध्ये चढायचा, ए मधला शेवटचा खाली उतरायचा. बी मध्ये माणूस नोकरी सांभाळून खेळायचा आणि ए मध्ये खेळ सांभाळून नोकरी करायचा. एवढ्या एका पायरीसाठी लोक हाडं मोडून घ्यायचे.

त्या दिवशीची मॅच बी डिव्हिजनची शेवटची. एकीकडे राजवाडा इलेव्हन. जुन्या दरबारी मराठी घराण्यांतली मुलं, इस्त्री केलेल्या जर्सी, सगळ्यांच्या पायात बूट. त्यांना बरोबरी पुरत होती. दुसरीकडे परदेशीपुऱ्यातला तिसरी लाइन क्लब. लाइन म्हणजे मिल कामगारांच्या खोल्यांची रांग. ही मुलं अनवाणी खेळायची. त्यांना जिंकणंच भाग होतं.

मैदान मिलच्या मागच्या भिंतीला लागून होतं. सकाळी पाऊस होऊन गेला होता. आमची माळव्याची काळी माती ओली झाली की पाय सोडत नाही. चिमणीचा धूर वर न जाता भिंतीवरून खाली उतरला होता आणि उजेड सगळीकडे सारखा, दुधी पडला होता. कोणाचीच सावली पडत नव्हती. हे तेव्हा लक्षात आलं होतं असं मी म्हणणार नाही. आता आठवतं, एवढंच.

मॅचआधी रेफरी दोन्ही टीम मोजून घेतो. तिसरी लाइनचा कॅप्टन सीताराम, सगळा परदेशीपुरा त्याला सित्तू भिया म्हणायचा. तो एकेकाचं नाव घेत होता आणि मुलं "हाजिर" म्हणत होती, मिलच्या गेटवर म्हणतात तशी. शेवटी सित्तूने हाक मारली, "रघुनाथ!"

कोणी बोललं नाही. मग सगळे एकदम म्हणाले, "हाजिर."

मी पुन्हा मोजले. दहा.

"अकरावा कुठे आहे?"

"है ना, रेफरीसाब."

"मला दहाच दिसतायत."

"दहाच खेळणार. कायद्यात बसतं ना?"

कायद्यात बसत होतं. अकराच्या जागी दहा उतरले तर रेफरी मॅच अडवत नाही. "मग नाव कशाला घेतलं?" मी विचारलं.

सित्तूने मला बाजूला घेतलं. रघुनाथ त्यांचा लेफ्ट आउट. म्हणजे डाव्या कडेने पळणारा फॉरवर्ड. सीझनच्या सुरुवातीला टायफॉइडने गेला. त्या दिवसापासून त्यांनी ती जागा भरली नव्हती.

"भावना ठीक आहे," मी म्हणालो. "पण त्यापायी मॅच हराल."

"भावना नी, साब. हक्काची बात है," सित्तू म्हणाला. "तुम्ही मिलमधले नाही, म्हणून सांगतो."

त्याने सांगितलं ते असं. ही सगळी मुलं मिलमध्ये बदलीवाली होती. बदलीवाला रोज सकाळी गेटवर उभा राहतो. कोणी कायम कामगार आला नाही, तर त्याचा साचा, म्हणजे माग, त्या दिवसापुरता याला मिळतो. नाही तर घरी परत. आता मिलच्या लेबर ऑफिसरने शब्द दिला होता. तिसरी लाइन ए डिव्हिजनला चढली, तर मिल ही टीम आपली म्हणून घेईल आणि अकराच्या अकरा जागा पर्मनंट करील. रघुनाथची जागा त्याच्या बायकोला, कमलाला, सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात मिळेल. पण टीममध्ये त्याचं नाव असेल तरच.

"लाइनीत एक रिवाज आहे," सित्तू म्हणाला. "माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांच्या नोकरीचा निकाल लागेपर्यंत त्याच्या साच्यावर कोणी बदली घेत नाही. जागा भरली की हक्क गेला. हा पण साचाच आहे, साब. आम्ही भरला, तर वहिनीचं कसं?"

त्याने मान वळवली म्हणून मी तिकडे पाहिलं. बाजूच्या रेषेपलीकडे कडुनिंबाचं झाड होतं. त्याखाली एक तरुण बाई पदर घट्ट ओढून उभी होती. तिच्या हातात बुटांचा जोड होता. त्या अख्ख्या क्लबात बूट एकट्या रघुनाथकडे होते. ती चिंधीवर तेल घेऊन ते पुसत होती, टाच, तळवा, पुढचं नाक, सगळं. पुसून झाल्यावर तिने लेसची गाठ मारली आणि जोड फांदीला टांगला. बूट आरशासारखे स्वच्छ होते. हे मी नीट पाहिलं.

हे सगळं सित्तूने मला मॅचआधी सांगायला नको होतं. मी ते डोक्यात घेऊन मैदानात उतरलो. रेफरीने रिकाम्या डोक्याने उतरायचं असतं.

पहिल्या हाफमध्ये खेळ राजवाड्याचाच होता. तरी त्यांना गोल करता येईना. कारण त्यांचा राइट बॅक वसंत जामदार पुढे जायलाच तयार नव्हता. राइट बॅकचं काम समोरच्या लेफ्ट आउटला धरून ठेवणं. समोर लेफ्ट आउटच नाही, म्हणजे वसंतला मोकळं रान होतं. त्याचा कॅप्टन ओरडत होता, "वश्या, वर ये! कोणाला राखतोयस?" तरी वसंत आपल्या कोपऱ्यात, अर्धवट वळून, मागे-पुढे सरकत होता. पाठीशी कोणी उभं असलं की खेळाडू जसा कोपर बाहेर काढून उभा राहतो, तसा.

भिंतीवर बसलेल्या मिलवाल्यांना आयतंच मिळालं.

"ओ जामदार भिया! भूत को मार्क कर रिया क्या?"

"अरे पकड, पकड, वो निकला!"

हशा पिकला. वसंत हसला नाही. मी त्याला चांगला ओळखत होतो. त्याचे वडील आणि माझे वडील दरबारात एकाच कचेरीत होते. तो बँकेत नुकता लागला होता, सरळ मुलगा, पंचविशीच्या आतला. मैदानावर वाद घालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होत होती. तिसरी लाइनची मुलं अधूनमधून चेंडू डावीकडे, रिकाम्या जागेत सोडत होती. सवय असेल. एरवी असा चेंडू रेषेबाहेर जातो. इथे तो रेषेच्या आत थांबत होता. एकदा थांबला, मी म्हटलं चिखल आहे. पुन्हा थांबला, तरी म्हटलं चिखलच. मग मात्र मी तिकडे बघायचं टाळलं.

हाफटाइमला मुलं लिंबू चोखत बसली होती. वसंत माझ्याजवळ आला. त्याचा आवाज खाली होता.

"दादा, त्यांच्या लेफ्टला कोण आहे?"

"कोणी नाही. दहाच आहेत ते."

"ते माहीत आहे मला. पण मी पळालो की माझ्यामागे कोणीतरी पळतं. चिखलात बूट उचलल्याचा आवाज येतो. मी थांबलो की थांबतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग फांदीवरच्या बुटांकडे पाहिलं. ते जागेवरच होते. वारा नव्हता, तरी हलके फिरत होते, आधी एकीकडे, मग दुसरीकडे.

"तुझ्याच बुटांचा असेल," मी म्हणालो. "काळी माती आहे. जड झालेत."

त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. पटल्यासारखी नाही. मोठं माणूस सांगतंय म्हणून. 'तुझ्याच बुटांचा असेल' हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते सहज बोललो होतो.

बाजू बदलून कडुनिंब आता तिसरी लाइनच्या डाव्या कडेला आला होता, आणि दुसरा हाफ संपत आला होता. गोल शून्य-शून्य. राजवाड्याचा गोलकीपर आता वेळ काढू लागला. चेंडू छातीशी धरून तो इकडून तिकडे फिरला. त्या काळच्या कायद्याने गोलकीपरला चेंडू हातात घेऊन चार पावलंच टाकता यायची. मी शिटी मारली. "इनडायरेक्ट!" दोन्ही कॅप्टनना ऐकू जाईल असं ओरडलो.

फ्री किक दोन जातींची असते. डायरेक्ट किकने सरळ गोल मारता येतो. इनडायरेक्टने नाही. मारणाऱ्यानंतर चेंडू आणखी कोणाला तरी लागायला हवा, आपल्या बाजूच्या किंवा समोरच्या खेळाडूला. नुसता जाळीत गेला तर गोल नाही.

सित्तू किक मारायला आला. त्याची माणसं मधे दाटीने उभी होती. राजवाड्याची मुलं गोलपुढे भिंत करून उभी राहिली. सित्तूने मधे पाहिलं नाही. चेंडू त्याने डावीकडे मारला, जिथे त्यांचं कोणीच नव्हतं. चेंडू जोरात आणि खालून चालला होता, गोलपोस्टपासून बराच बाहेर. वसंत तिथेच होता, चेंडूच्या वाटेपासून एका खाटेएवढ्या अंतरावर, दोन्ही पाय चिखलात रोवून. तो हलला नाही. मी त्याच्याकडेच पाहत होतो, कारण त्याच्याशिवाय तिथे पाहण्यासारखं कोणी नव्हतं.

ठक्.

उघड्या पायाला चेंडू लागला की चापट मारल्यासारखा आवाज होतो. बुटाचा आवाज वेगळा. कातड्यावर कातडं, कोरडा, टणक. हा बुटाचा होता. चेंडू जागच्या जागी वळला आणि पोस्टच्या आतून जाळीत गेला.

 मिलची घरघर तेवढी येत होती. मग शिटी वाजली. ती मी वाजवली होती, पण वाजवायचं ठरवल्याचं मला आठवत नाही. हात माझ्या आधी उठला.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच. कॅप्टनने वाद घातला, राजवाड्याची मुलं भोवती जमली. एकटा वसंत आला नाही. तो तिथेच उभा राहून माझ्याकडे पाहत होता. तो चिडलेला नव्हता. आपल्यासारखंच आणखी कोणी ऐकलं का, हे माणूस ज्या नजरेने शोधतो, ती नजर होती. मी नजर वळवली.

लाइन्समन कुरेशीला मी हळूच विचारलं, "तुला दिसलं?"

"मैं तो गोललाइन देख रिया था, साब," तो म्हणाला. मग झेंडा खाली करून, "मेरे से मत पूछो."

थोड्या वेळात मॅच संपली. लाइनीची मुलं नाचत होती, रडत होती. सित्तू कडुनिंबाकडे गेला, बूट उतरवले आणि खेळाडू मॅचनंतर करतात तसे, सवयीनेच, एकमेकांवर आपटले.

काळ्या चिखलाची ढेपळं खाली पडली.

सित्तूचे हात थांबले. कमला तिथेच होती. तिने खाली पडलेल्या मातीकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी शिटीची दोरी गुंडाळायला लागलो, जणू त्यासारखं महत्त्वाचं काम नव्हतं.

राजवाड्याने प्रोटेस्ट केला. प्रोटेस्ट म्हणजे असोसिएशनकडे लेखी हरकत. सुनावणी राजवाड्यामागच्या गल्लीत, माडीवरच्या ऑफिसात झाली. खाली हातगाड्या, टांग्यांचे घुंगरू, भावासाठी ओरडणारे दलाल. आमचे सेक्रेटरी संस्थानी फौजेतून रिटायर झाले होते. सगळे त्यांना मेजरसाब म्हणायचे. सरळ माणूस. त्यांना न सुटलेला प्रश्न टेबलावर ठेवलेला खपत नसे.

"सबनीस, चेंडू वळला हे नक्की?"

"नक्की, मेजरसाब."

"खड्डा असेल."

"नाही. आवाज आला. पाय लागल्याचा."

"उघड्या पायाचा की बुटाचा?"

मी खरं सांगितलं. "बुटाचा."

मेजरसाब खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा उजळला. "देन इट इज सिंपल! तिसरी लाइन अनवाणी खेळते. म्हणजे बूट राजवाड्याचा. सगळ्यांत जवळ कोण होतं?"

"जामदार."

"किती जवळ?"

"जवळच होता."

"मग त्यालाच लागला. सेल्फ गोल. कायद्यात बसतो. बरोबर?"

माझ्यापुढे दोन उत्तरं होती. एक, 'हो'. दुसरं, 'आवाज ऐकला पण पाय दिसला नाही'. दुसरं उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं? मेजरसाबांनी गोल रद्द केला असता. बरोबरी झाली असती, राजवाडा वर गेला असता. सित्तू आणि त्याची मुलं उद्या पुन्हा गेटवर. कमलाला काही नाही. आणि गावभर झालं असतं की सबनीस रेफरीला भुताचे पाय ऐकू येतात. भोपाळच्या बदलीत माझं नाव होतंच, जाता जाता शोभा झाली असती. ती लाज मला किती वाटली आणि कमलाची काळजी किती, याचा हिशोब मी आजवर प्रामाणिकपणे करू शकलेलो नाही. कमलाची काळजी जास्त होती असं म्हणायला आवडेल.

"सबनीस?"

"हो," मी म्हणालो. "जामदारलाच लागला."

वसंत भिंतीशी उभा होता. "मला लागला नाही," तो म्हणाला. "दादा, मी हललोसुद्धा नव्हतो. तुम्ही बघत होतात माझ्याकडे."

मी टेबलाकडे पाहत राहिलो.

मेजरसाब मायेनेच म्हणाले, "यंग मॅन, होतं असं. लागलेलं कळत नाही घाईत. तू बुटाचा आवाज ऐकलास की नाही?"

"ऐकला."

"कोणाचा होता?"

वसंतने माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी. "मी हाफटाइमला दादांना हेच विचारलं होतं," तो म्हणाला. "ते म्हणाले, तुझ्याच बुटांचा असेल."

मेजरसाबांनी टेबलावर हात आपटला. "बस! आणखी काय पाहिजे?"

तिसरी लाइन ए डिव्हिजनला चढली. लेबर ऑफिसरने शब्द पाळला. सगळे पर्मनंट झाले, आणि कमला रीलिंग खात्यात लागली. वसंतचं नाव गावात 'सेल्फ जामदार' पडलं. पानाच्या दुकानावर, बँकेच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "अहो सेल्फ, जरा वाढा इकडे." त्याच्या क्लबातल्या काहींनी तर त्याने मुद्दाम केलं असंही म्हटलं. तो पुन्हा खेळला नाही.

भोपाळला जाण्याआधी एका रविवारी कमला सित्तूबरोबर आमच्या घरी आली. माझ्या बायकोच्या हातात तिने पेढ्यांचा पुडा दिला. निघताना दारात थांबली.

"साहेब, एक विचारू? सगळे म्हणतात जामदारांचा पाय लागला. तुम्ही बघितलं?"

"हो," मी म्हणालो.

"जामदारांचाच?"

"त्यांचाच."

"बरं," ती म्हणाली. चपला घालताना तिला फार वेळ लागला. "मला आपलं दुसरंच वाटलं होतं." सित्तू माझ्याकडे बघत होता.  ती माती त्यानेही पाहिली होती.

एका शब्दाने मी दोन माणसांचं नुकसान केलं, हे मला पुढे भोपाळच्या ऑफिसात नकाशे काढताना उमगत गेलं. वसंतला न केलेली चूक दिली. आणि कमलाच्या नवऱ्याने केलेली गोष्ट तिच्यापासून काढून घेतली, केली असेल तर.

बरीच वर्षं गेली. मागच्या पावसाळ्यात काही कामाने इंदूरला आलो होतो. लालबागच्या फाटकासमोरच्या रस्त्याने दुपारी चाललो होतो. रस्ता रिकामा होता. समोरून वसंत येताना दिसला. केस विरळ झालेले, हातात पिशवी. आणि पाय अनवाणी, भर चिखलात.

"दादा," तो म्हणाला. त्याने वाकून नमस्कार केला. मला तो नमस्कार सहन झाला नाही.

"पायात काही का नाही?" मी विचारलं.

तो थोडा ओशाळला. "तो आवाज थांबला नाही, दादा. त्या मॅचनंतरसुद्धा. मी चाललो की मागे बूट चालतात. तुम्ही म्हणाला होतात माझेच असतील, म्हणून मी बूट सोडले. मग चपला सोडल्या. बँकेत तेवढ्या घालतो. पण अनवाणी चाललो तरी येतो." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक विचारायचं होतं. आता तरी सांगा. मला लागला होता का? मला आता नीट आठवत नाही. कधी वाटतं, लागला असेल."

इतक्या वर्षांत मी त्याच्याकडून ही शेवटची गोष्टही काढून घेतली होती. त्याला जे पक्कं माहीत होतं, तेसुद्धा.

"नाही," मी म्हणालो. "तुला लागला नव्हता. तू हलला नव्हतास. मी बघत होतो."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो वळला आणि रस्त्यावर मागे पाहिलं, अगदी शांतपणे, कोणी मागून येत असेल तर त्याला वाट द्यावी तसं. मागे कोणी नव्हतं.

"मग बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "त्याचा गोल माझ्या नावावर लागलाय. तो मागायला येत असणार. मी द्यायचा कसा? तो माझ्याकडे कधी नव्हताच." मग मला म्हणाला, "दादा, एकदा कुठेतरी सांगा. मोठ्याने. तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही."

तो गेला. ओल्या रस्त्यावर त्याच्या उघड्या पायांचा आवाज होत नव्हता. मी उभा राहून ऐकत होतो. काय ऐकू आलं ते इथे लिहीत नाही. पुन्हा एकदा ऐकलेल्या गोष्टीवरून निर्णय द्यायची माझी हिंमत नाही.

हल्ली मी नव्या रेफरींचा क्लास घेतो. त्यांना सांगतो की लॉ-बुकाप्रमाणे मैदानावरच्या घटनेबाबत रेफरीचा निर्णय अंतिम असतो. अंतिम म्हणजे खरा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. दिसलं ते सांगा. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' म्हणा, त्याला कायद्यात बंदी नाही. एखादी गोष्ट सांगताना हसू होईल असं वाटलं, तरी तीच सांगा. तिच्याऐवजी हाताशी उभा असलेला माणूस देऊ नका.

त्या मॅचचा गोल वसंत जामदारच्या नावावर आहे. तो काढावा. चेंडू त्याला लागला नव्हता. त्या जागी कोणाचं नाव लिहायचं, हे मी सांगू शकत नाही, कारण पाय मला दिसला नाही. आवाज बुटाचा होता. त्या बाजूला वसंतच्या पायांतल्या बुटांशिवाय आणखी एकच जोड होता, आणि तो कडुनिंबाला टांगलेला होता.